अक्कानं काढून ठेवलेलं पान

अक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी नारायणगुड्यात चष्म्याच्या दुकानात बसलो होतो. हनुवटी त्या यंत्राच्या पट्टीवर टेकवलेली, डावा डोळा झाकलेला, आणि तपासणाऱ्या बाई काचा बदलून बदलून विचारत होत्या की आता नीट दिसतंय की मघाशी दिसत होतं. खिशात फोन वाजला. काचीगुड्याहून अक्काच्या घरमालकांची सून बोलत होती. आधी म्हणाली, काका, अक्का उठत नाहीयेत. मग जरा थांबून म्हणाली, डॉक्टर येऊन गेले. मी ‘बरं’ म्हणालो, फोन खिशात ठेवला आणि हनुवटी पुन्हा पट्टीवर टेकवली. बाईंनी उरलेल्या काचा लावल्या, मी सगळ्या ओळी वाचून दाखवल्या, एवढंच नाही तर फ्रेमसुद्धा निवडली. काळी नको, तपकिरी द्या म्हणालो. मग बाहेर येऊन कुठल्या रस्त्यानं जायचं यावरून ऑटोवाल्याशी वादही घातला. आज सात आठवडे झाले. त्या वेळी काय वाटलं असं कुणी विचारलं तर खरं उत्तर एवढंच की काही वाटलं नाही. अजूनही फारसं वाटत नाही. बहीण गेल्यावर माणूस फ्रेम कशी काय निवडू शकतो, हे मला कुणीतरी समजावून सांगावं.

अक्का म्हणजे कुमुद आष्टीकर, माझी सख्खी थोरली बहीण, माझ्याहून सहा वर्षांनी मोठी. काचीगुड्यात तिला सगळे टीचरम्मा म्हणत, भाजीवाल्यापासून पोस्टमनपर्यंत. सरकारी शाळेत तिनं सारी हयात घालवली, शेवटची काही वर्षं हेडमिस्ट्रेस म्हणून. लग्न केलं नाही. का नाही केलंस असं कुणी विचारलं की म्हणायची, वेळच झाला नाही हो, आणि समोरच्याला चहा विचारायची. स्टेशनच्या मागच्या गल्लीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्यांच्या पोर्शनमध्ये ती भाड्यानं राहायची. मी चिक्कडपल्लीला, माझ्या बायकोबरोबर, फ्लॅटमध्ये. आमचं घराणं तीन पिढ्या सरकारी नोकरीतलं. मीही एका सरकारी दफ्तरात कारकून म्हणून लागलो आणि सेक्शन ऑफिसर होऊन निवृत्त झालो. दफ्तराचं नाव लिहीत नाही, कारण पुढे जे सांगणार आहे तो दोष दफ्तराचा नाही, माझा आहे.

ती गेली त्या दिवशी सगळं मीच केलं. स्मशानातला फॉर्म भरला, मृत्यूच्या दाखल्याचा अर्ज भरला, नातेवाइकांना फोन केले. फॉर्म घेणारा माणूस म्हणाला, क्या हैंडराइटिंग है साहब. मला बरं वाटलं! तेवढंच एक वाटलं त्या दिवशी. माझी बायको मंगल माझ्याकडे सारखी बघत होती, गॅसवर ठेवलेल्या दुधाकडे बघावं तसं. आता उतू जाईल, मग उतू जाईल… पण दूध काही वर आलं नाही. दहाव्याला नाही, तेराव्याला नाही. लोक म्हणाले, भालचंद्रराव खंबीर आहेत. खंबीर कसला डोंबलाचा. लाकूड झालं होतं नुसतं.

आमच्या वडिलांचा, अण्णांचा, एक नियम होता. आपल्या माणसाचा कागद आपण हाती धरायचा नाही. ते महसूल खात्यात होते तेव्हा त्यांच्या सख्ख्या चुलतभावाचा रहिवासाच्या दाखल्याचा अर्ज त्यांच्याच टेबलावर आला. अण्णांनी तो उचलून पलीकडच्या टेबलावर ठेवला आणि साहेबांना लिहून कळवलं की अर्जदार माझे नातलग आहेत. पलीकडच्या टेबलावर तो दोन महिने पडून राहिला आणि चुलतभावाची नोकरी हुकली. काकांनी पुढे आमच्या घरची पायरी चढली नाही. पण अण्णा ही गोष्ट जेवताना आम्हाला अभिमानानं सांगायचे, आणि आम्ही दोघं भावंडं भाताचे घास हातात धरून ऐकायचो. आपण कसे स्वच्छ, आपण कसे नाकासमोर चालणारे! ते भातासोबत जे पोटात गेलं ते कायमचं गेलं. काकांना काय वाटलं असेल, हे तेव्हा आमच्या मनातही आलं नाही.

आता शाळेचं सांगतो. अक्काची शाळा दोन मजली, रुळांच्या जवळ. गाडी गेली की शिकवणाऱ्यानं वाक्य अर्ध्यावर थांबवायचं आणि गाडी गेल्यावर पुढे बोलायचं, अशी तिथली पद्धत. मुलं-मुली ऑटोवाल्यांची, धुणीभांडी करणाऱ्यांची, बांधकामावरच्या मजुरांची. कुणी तेलुगू बोलणारी, कुणी उर्दू, दोनचार नांदेड-लातूरकडून आलेली मराठी. अक्का हेडमिस्ट्रेस झाली त्या वर्षीची गोष्ट. संध्याकाळी शाळा सुटताना ती फाटकाशी उभी राहायची. एक दिवस एका मुलीची पाण्याची बाटली खाली पडली ती तिनं उचलून दिली, तर ती काठोकाठ भरलेली. अक्काला नवल वाटलं. दुसरीची बघितली, तिचीही भरलेली. दुसऱ्या दिवशी तिनं सहावी-सातवीच्या सगळ्या मुलींच्या बाटल्या पाहिल्या. सकाळी घरून भरून आणलेल्या, तशाच परत चाललेल्या. का गं, विचारलं तर सगळ्या खाली बघायला लागल्या. शेवटी एक धीट मुलगी म्हणाली, “पानी पिये तो जाना पड़ता, टीचर.”

जायला जागा नव्हती असं नाही. दोन संडास होते, दारावर उद्घाटनाची संगमरवरी पाटी होती. नळ मात्र नव्हता. नळ कुणी जोडायचा यावर दोन खात्यांचं एकमत होत नव्हतं, आणि पाणी नाही म्हणून साफ करणारी आया नेमलेली नव्हती, आणि आया नाही म्हणून दाराला कुलूप. आत मोडकी बाकं रचलेली. मुलगे काय, रुळांकडे जायचे. मुली सकाळी घरून निघाल्यापासून चार वाजेपर्यंत पाण्याला तोंड लावायच्या नाहीत. डोकं दुखतं म्हणायच्या, पोटात दुखतं म्हणायच्या. जरा मोठ्या झाल्या की महिन्यातले चारपाच दिवस यायच्या नाहीत, आणि मग एखाद्या महिन्यात येणं बंदच व्हायचं. अक्का गणित शिकवायची. त्या रविवारी मी तिच्याकडे जेवायला होतो. ताट बाजूला सारून ती म्हणाली, मी इतकी वर्षं फळ्यावर गणितं सोडवत होते भालू, आणि माझ्यासमोर तहानलेल्या पोरी बसल्या होत्या. मला दिसल्या नाहीत. मी म्हणालो, वरती कळव. ती म्हणाली, वरती म्हणजे कुठे, तुझ्या दफ्तराकडेच ना?

पण अक्का वरती कळवत बसणारी नव्हती. पंधरा ऑगस्टला झेंडावंदनाला तिनं त्या वेळच्या आमदारांना बोलावलं. आमदार आले, बरोबर पंधरावीस माणसं. आल्या आल्या अक्कानं त्यांना शहाळ्याचं पाणी दिलं. मग ताक. मुलींचं गाणं झाल्यावर चहा. भाषण झालं, पुन्हा चहा, आणि वर आग्रहानं मोठा पेला भरून लिंबूपाणी. मी पाहुणा म्हणून मागच्या रांगेत होतो, मला वाटलं अक्काला आज पाहुणचाराचं वेड लागलंय. तासाभरानं आमदारसाहेब चुळबुळायला लागले. त्यांनी हळूच वाकून तिला काहीतरी विचारलं. अक्का अगदी अदबीनं उठली, “आइए साहब,” म्हणाली आणि साऱ्या सभेदेखत त्यांना त्या पाटीपाशी घेऊन गेली. कुलूप उघडलं. आत मोडकी बाकं. आमदारांनी तिच्याकडे बघितलं, तिनं आमदारांकडे. मग ती शांतपणे म्हणाली, “यही है साहब. लड़कियाँ भी यहीं तक आतीं, फिर वापस जातीं.” अंगरक्षकांनी त्यांना लगबगीनं कोपऱ्यावरच्या इराणी हॉटेलात नेलं. मला वाटलं, संपली हिची नोकरी! पण माणूस दिलदार निघाला. परत आला तो हसत हसत, आणि दुसऱ्याच दिवशी त्यानं शिफारसपत्र लिहिलं. या शाळेला नळाची जोडणी आणि एक आया तातडीनं मंजूर करावी.

ते पत्र अक्काच्या अर्जासकट महिन्याभरात माझ्या टेबलावर आलं. तिचं अक्षर लांबूनच ओळखलं मी. इथे खरं म्हणजे मला फक्त एक टिपण लिहायचं होतं, शिफारस आहे, खर्च किरकोळ आहे, मंजुरीसाठी सादर. अर्ध्या तासाचं काम. मी काय लिहिलं? ‘अर्जदार या अधिकाऱ्याची सख्खी बहीण असल्यामुळे हे प्रकरण दुसऱ्या शाखेकडे वर्ग करावं.’ खाली सही, शिक्का. छातीवरून ओझं उतरल्यासारखं वाटलं. अण्णा असते तर पाठ थोपटली असती. फाईल दुसऱ्या शाखेत गेली. तिथल्या माणसाची बदली व्हायची होती, त्यानं ती ठेवून दिली. त्याच्या जागी आला त्यानं एक शंका काढली की हा खर्च कुठल्या खात्याचा, आणि शाळेला पत्र टाकलं, तीस दिवसांत खुलासा करावा. तोवर अक्का निवृत्त झाली होती आणि तिच्या जागी आलेल्या नव्या हेडमिस्ट्रेस बाळंतपणाच्या रजेवर होत्या. पत्र शाळेच्या कपाटात पडून राहिलं. हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या शाखेतला तो माणूस माझ्यासोबत डबा खायचा, त्यानंच सांगितलं होतं. त्या महिन्यातले चारही रविवार मी अक्काकडे जेवलो. अंबाडीची भाजी, भाकरी, वर लोण्याचा गोळा. ती दर वेळी विचारायची, काही कळलं का रे फाईलचं? आणि मी तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचो. दफ्तरातलं घरी बोलायचं नाही हा अण्णांचा दुसरा नियम. एक वाक्य बोलायचं होतं. शाळेच्या कपाटात पत्र आहे, उत्तर पाठव. नाही बोललो. तीस दिवस झाले, उत्तर आलं नाही म्हणून फाईल बंद झाली.

निवृत्त झाल्यावर लोक यात्रेला जातात. अक्का आमदारांकडे जायला लागली. एक आमदार गेले, दुसरे आले, पक्ष बदलले, तिचा अर्ज तोच राहिला. नळ आणि आया. मी चिडायचो. म्हणायचो, अक्का, सरकारी काम आणि सहा महिने थांब हे ठीक आहे, पण तू तर वर्षानुवर्षं थांबतेयस, ही माणसं म्हणजे पालथे घडे आहेत. ती कधी आमदारांना वाईट म्हणाली नाही. म्हणायची, नवीन निवडून आलेला माणूस म्हणजे पहिलीत आलेलं पोर, त्याला एकच गोष्ट दहादा सांगायची, न रागावता. अकराव्यांदा त्याला येते. शाळा कुणाची, असं ती विचारायची. सरकारची म्हटलं तर कुणाचीच नाही. आमदाराला शाळेत आणून दोन तास बसवलं की त्याची होते. तिचं म्हणणं एवढंच होतं की विधानसभेत शाळेविषयी बोलणाऱ्या प्रत्येकानं सकाळी नऊ ते चार एकदा सरकारी शाळेत मुलांबरोबर बसावं, तेच जेवावं आणि तेवढंच पाणी प्यावं. बाकी भाषण करायची गरज नाही. ती कधी एकटी जायची नाही. दर वेळी एखाद्या मुलीच्या आईला बरोबर न्यायची, आणि बोलायचं काम त्या आईवर सोपवून आपण मागे उभी राहायची.

शेवटची भेट ती गेली त्याच्या आधीच्या रविवारी. अर्जाची नवी प्रत काढून बसली होती, म्हणाली, वाचून बघ, काही कमीजास्त आहे का. मी वाचली नाही. जेवण जड झालं होतं, मला झोप येत होती. म्हणालो, अक्का, आता पुरे कर की. तुझं वय काय, हे ऊन काय. ती हसली. “पुरे कसं करू? पोरी अजून शाळेत येताहेत ना,” म्हणाली आणि कागद गोळा करून ठेवले. मी भिंतीकडे तोंड करून झोपलो… चार वाजता चहा पिऊन घरी आलो. हेच आमचं शेवटचं बोलणं. याहून चांगलं काही असायला हवं होतं.

तेराव्यानंतर पोर्शन रिकामा करायला मी आणि मंगल गेलो. भांडी, साड्या, पुस्तकं, सगळं मंगलनं लावलं. कागद माझ्या वाट्याला आले. कागद हाताळताना मला काही होत नाही, सवय आहे. शाळेच्या अर्जाची जाड फाईल मिळाली. अक्कानं माहितीच्या अधिकारात त्या बंद झालेल्या फाईलची पूर्ण नक्कल मागवली होती, सहा वर्षांपूर्वीच. सहीशिक्क्याची चौदा पानं, नंबर घातलेली. मी सवयीनं मोजली. तेरा भरली. नऊ नंबरचं पान नव्हतं. मी पुन्हा मोजली. आठनंतर एकदम दहा. नऊ म्हणजे काय असेल हे मला न बघता कळलं होतं, पण मी उगाच गादीखाली, देवांच्या पाटाखाली शोधत राहिलो. शेवटी लोखंडी कपाटाच्या वरच्या खणात एक फोल्डर निघालं. त्यावर तिच्या अक्षरात, ‘भालूचे कागद’. माझा जन्माचा दाखला, देवी टोचल्याची चिठ्ठी, चौथीचं प्रगतिपुस्तक, मॅट्रिकची मार्कलिस्ट, पहिल्या नेमणुकीच्या पत्राची प्रत. आणि सगळ्यात खाली, प्लॅस्टिकमध्ये घालून, पान नंबर नऊ. माझं अक्षर. अर्जदार या अधिकाऱ्याची सख्खी बहीण असल्यामुळे.

म्हणजे सहा वर्षं तिला माहीत होतं. सहा वर्षं दर रविवारी मला वाढत होती, मी ‘अजून एक भाकरी’ म्हणायचो आणि ती घालायची. एका शब्दानं बोलली नाही. पानावर रेघ नाही, खूण नाही. मंगल म्हणाली, काय झालं, चेहरा असा का केलात? मी म्हणालो, काही नाही, जुना कागद आहे. फोल्डर पिशवीत घातलं आणि कपाट पुसायला घेतलं. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही.

त्याच दुपारी यादम्मा आली. यादम्मा शाळेत दुपारचं जेवण शिजवते. तिची मोठी मुलगी सातवीतच शाळा सोडून घरी बसली, धाकटी आता सहावीत आहे. गेली काही वर्षं अक्का आमदारांकडे जाताना बहुतेक वेळा तिलाच न्यायची. मला वाटलं सांत्वनाला आली असेल, मी खुर्ची पुढे केली. ती बसली नाही. म्हणाली, तुम्ही टीचरम्माचे तम्मुडू ना? तम्मुडू म्हणजे धाकटा भाऊ. मी मान हलवली. मग म्हणाली, फाईल द्या. नवीन आमदारांनी पुढच्या आठवड्यात बोलावलंय, टीचरम्मा नाहीत तर मी जाईन, मला वाचता येत नाही पण दाखवता येतं. मी फाईल तिच्यापुढे ठेवली. तिनं ती उघडून मधली पानं चाळली, बोटानं काहीतरी शोधलं आणि सुस्कारा टाकून मिटली. म्हणाली, आमदारांचा पी.ए. दर वेळी ओरडतो की नऊ नंबर कुठंय. फाईल दुसऱ्या शाखेत का गेली ते त्याच पानाशिवाय कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय जुनी फाईल उघडता येत नाही, नव्यानं सगळं करायला लागेल. टीचरम्माला मी शंभरदा म्हटलं, ते एक पान देऊन टाका. तर त्या काय म्हणायच्या माहितीये?

मी विचारलं, काय?

“वो कागज घर का है, यादम्मा. बाहर नक्को.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं की अण्णांच्या गोष्टीबरोबरचा तो भात मी एकट्यानंच खाल्ला नव्हता. मी बहिणीचा कागद हाती धरला नाही, आणि बहिणीनं भावाचा कागद हातातून सोडला नाही. दोघंही आपापल्या जागी स्वच्छ. आमची अब्रू झाकली गेली, आणि यादम्माची थोरली पाणी न पिता सातवीपर्यंत शिकून घरी बसली. मला अक्काचा राग आला. हे लिहू नये, पण आला. माझ्यासारख्या माणसाला वाचवण्यासाठी तू त्या पोरींचं काम सहा वर्षं अडवलंस, कुणी सांगितलं होतं तुला? एकदा ते पान माझ्या ताटात टाकायचं होतंस. मी मेलो नसतो. फार तर एक रविवार जेवलो नसतो… आणि मग माझाही राग आला, आणि मग दोन्ही राग गेले आणि पुन्हा तेच, काही नाही.

पुढच्या आठवड्यात मी आणि यादम्मा आमदारांच्या ऑफिसात गेलो. फाईल मी लावली. नऊ नंबरचं पान जागेवर न घालता सगळ्यात वर ठेवलं. दोन तासांनी आत बोलावणं आलं. आमदार चाळिशीतला माणूस, एका हातात फोन, समोर दहा जणांची गर्दी. यादम्मा नेहमीप्रमाणे पुढे झाली आणि तेलुगूत बोलायला लागली, पोरी पाणी पीत नाहीत, माझी मोठी घरी बसली, धाकटी दोन वर्षांत बसेल. आमदारांनी फोन खाली ठेवला. ते पान वाचलं. कुणाची सही आहे ही, त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माझी. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. पी.ए. लिहायचा थांबला.

“सगी बहन थी, तो फाइल दूसरों को कायको दे दिए?”

“बहन थी, इसलिए दे दिया साहब.”

मला वाटलं ते हसतील किंवा ओरडतील. त्यांनी पुन्हा एकदा पान वाचलं, मग शिफारशीवर दोन ओळी लिहिल्या, जुनी फाईल उघडा, आणि पी.ए.ला म्हणाले, अर्जदाराचं नाव बदलून घ्या. पी.ए.नं फॉर्म पुढे केला. अर्जदार म्हणून माझं नाव लिहिलं. शाळेशी संबंध काय, असा एक रकाना होता. मी फार वेळ पेन धरून बसलो. निवृत्त अधिकारी लिहायचं मनात आलं होतं. शेवटी लिहिलं, बहिणीची शाळा.

नळ अजून आलेला नाही. फाईल चालू झाली आहे. मध्ये दोनदा अडकली. दोन्ही वेळा मी माझ्या जुन्या दफ्तरात गेलो, माझ्या हाताखाली शिकलेली माणसं आता साहेब झाली आहेत, त्यांच्या टेबलाशी उभा राहिलो आणि म्हणालो, माझ्या बहिणीचा कागद आहे, आजच बघा. सबंध नोकरीत हे वाक्य तोंडातून निघालं नव्हतं. आता इतक्या सहज निघतं की माझं मलाच कळत नाही. एकजण म्हणाला, साहेब, तुम्ही? तुम्ही तर असं कधी… मी म्हणालो, हो, आणि तेच चुकलं. लाज वाटली नाही.

दर मंगळवारी यादम्मा आणि मी आमदारांच्या ऑफिसात जाऊन बसतो. भिंतीला लागून एक लांब बाक आहे. पहिल्या दिवशी मी पंख्याखालच्या टोकाला बसायला निघालो, तर यादम्मानं मला हाताला धरून दुसऱ्या टोकाला, दारापाशी नेलं. तिथे वारा येत नाही. पण आमदार बाहेर पडतात ते त्याच दारानं, आणि टीचरम्मा नेहमी तिथेच बसायच्या म्हणे, पाय पुढे करून, म्हणजे कुणालाही त्यांच्याशी बोलल्याशिवाय पुढे जाता यायचं नाही. अक्का उंच होती. मी बुटका. माझे पाय दारापर्यंत पोचत नाहीत, म्हणून मी बाकाच्या अगदी कडेवर, पुढे सरकून बसतो.